शिक्का द्यायला सिंगापूरला

“आधी धोके शिकवतात आणि काम काय आहे ते मागाहून सांगतात,” अमेय केळकर ओरडत होता. “म्हणजे साप कुठून निघेल हे पाठ झालं, पण घर कुठं बांधायचंय ते महिन्यानं कळलं. हा झाला माझा पहिला मुद्दा.”

बोलत होता इंग्रजीत, पण चाल अस्सल पुण्याची. आवाज असा की भिंतीवर टांगलेलं विद्यापीठाचं ध्येयवाक्य एकदा डावीकडं झुकलं आणि अंदाज घेऊन पुन्हा सरळ झालं. खोलीतला एसी इतका कडक होता की टेबलावर दुधाची पिशवी ठेवली असती तर पुढच्या दिवाळीपर्यंत टिकली असती. अशा थंडीत माणसं बेतानं बोलतात. अमेयला थंडी वाजत नव्हती. अजून त्याचे बरेच मुद्दे शिल्लक होते.

टेबलाच्या एका बाजूला तो आणि आणखी चार विद्यार्थी. दुसऱ्या बाजूला आम्ही तपासनीस. आमचे अध्यक्ष ग्रॅहम, न्यूझीलंडचे, एवढे उंच की ते उभे राहिले की खोलीत ढग आल्यासारखं व्हायचं. त्यांच्या शेजारी मी, मुक्काम पोस्ट कोल्हापूर. तिसऱ्या सभासद क्वालालंपूरच्या एक बाई होत्या. त्यांना ऐनवेळी ताप आला म्हणून त्या पडद्यावर होत्या. पहिल्याच सकाळी त्यांचं चित्र जांभई देताना गोठलं आणि शेवटपर्यंत ती जांभई काही मिटली नाही. त्यामुळं आपण काहीही बोललो तरी समोरून कंटाळा व्यक्त होतोय, अशा वातावरणात आमचं सगळं काम झालं.

ग्रॅहम लिहून घेत होते. त्यांचं पेन ज्या वेगानं चाललं होतं तो वेग बरा नव्हता. का, ते सांगतो.

मी आयुष्यभर कालवे आणि पूल बांधले. काही वेळेवर, बरेचसे सवडीनं. निवृत्त झाल्यावर माणसाला आपण आयुष्यात काय चुकीचं केलं ते दुसऱ्यांना शिकवायची हौस येते. जगात एक अशी संस्था आहे की जी विद्यापीठांमधले प्रकल्प व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम तपासून त्यांना मान्यतेचा शिक्का देते. तपासायला जातात ते माझ्यासारखे स्वयंसेवक. विमानाचं तिकीट आणि झोपायला खाट मिळते, बाकी सगळं समाजकार्य. मी नाव दिलं, त्यांनी ऑनलाइन शिकवणी घेतली, आणि एक दिवस सिंगापूर निघालं. आमच्या सौ. म्हणाल्या, “घरची पाण्याची टाकी तपासायला गच्चीवर चढत नाही, आणि सिंगापूरचं विद्यापीठ तपासायला निघालात.” मी बॅग भरायला घेतली.

शिक्क्याचा कायदा साधा आहे. आम्हाला काही खटकलं तर त्याच्या तीन पायऱ्या. सूचना म्हणजे बारीक चिमटा. शंका म्हणजे वर्षभरात सुधारा. आणि दोष म्हणजे शिक्का गेला. या विद्यापीठानं आधीच ठरवून टाकलं होतं की शिक्का गेला तर नवी बॅच घ्यायची नाही. आहेत ती मुलं बाहेर पडली की अभ्यासक्रमाचं शटर खाली.

हे आम्हाला डॉ. लिम यांनी पहिल्याच सकाळी सांगितलं. हा अभ्यासक्रम त्यांनी उभा केलेला. बाई अंगानं एवढ्याशा, पण चालण्याचा वेग असा की त्यांच्यामागं जाताना ग्रॅहमना लांब पायांचा पहिल्यांदा उपयोग झाला. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा मास्टर्स, तोही खऱ्या ग्राहकांची खरी कामं मुलांच्या गळ्यात घालून. अशा कामांत घोळ होणारच. बाईंनी ते घोळसुद्धा कपाटात नीट लावून ठेवले होते. कपाटाच्या प्रत्येक खणाला नावाची पट्टी. मला वाटतं त्या खोलीतल्या माशीलाही एक पट्टी असावी, फक्त ती हलत असल्यानं वाचता आली नाही.

“शिक्का गेला तर तुम्ही काय करणार?” मी चहा पिताना विचारलं. असं विचारायचं नसतं, पण कोल्हापूरच्या माणसाला चहा घेताना मौन पाळायला कुणी शिकवलेलं नाही.

“फर्स्ट इयरला स्टॅटिस्टिक्स,” त्या म्हणाल्या. “पुन्हा.”

त्या ‘पुन्हा’त असं काही होतं की मी बिस्किट खाली ठेवलं. त्यांच्या टेबलावर स्टॅटिस्टिक्सचं एक जुनं जाडजूड पुस्तक होतं. धूळ झटकून ठेवलेलं.

तर आता पुन्हा त्या थंड खोलीत चला. विद्यार्थ्यांची मुलाखत हा आमच्या कामातला सर्वांत नाजूक भाग. प्राध्यापकांना बाहेर काढायचं, दार लावायचं आणि मुलांना सांगायचं की बोला, मोकळं बोला, नावं बाहेर जाणार नाहीत. अमेयच्या आधीचे चार सिंगापूरचे. ग्रॅहमनी पहिलीला विचारलं, अभ्यासक्रम कसा वाटतो?

“ओके लाह.” हे ‘लाह’ तिथं वाक्याच्या शेपटीला असतंच.

दुसऱ्याला विचारलं, शिकवण्याचा दर्जा?

“कॅन.” म्हणजे चालेल.

तिसरा म्हणाला, “क्वाइट गुड.” त्यावर बाकीच्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू हा भर चौकात नाचला. चौथीला ग्रॅहमनी जवळजवळ विनवलं, काहीतरी बदलावंसं वाटत असेल. तिनं बराच विचार केला. छताकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं. मग म्हणाली, “खुर्च्या. आणखी चार.”

पुढं मला कळलं की हे चौघंही या अभ्यासक्रमावर जीव टाकणारे होते. पण तिथं जीव टाकायचा म्हणजे ‘कॅन’ म्हणायचं. आमच्याकडं एखादी गोष्ट आवडली की आम्ही पहिल्यांदा तिला एक सणसणीत शिवी देतो, मग पाठीवर थाप मारतो, आणि पाठ शिल्लक राहिली तर जेवायला नेतो. तीच गोष्ट सिंगापूरचा माणूस एका अक्षरात उरकतो आणि गाडी पकडायला निघतो.

मग अमेयची पाळी आली. सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुण्याचा, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला, राहायला हौगांगला, ऑफिस तोआ पायोहला. त्यानं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि सुरुवात केली. पहिला मुद्दा तुम्ही ऐकलाच. दुसरा, गट आडनावांच्या अक्षरांप्रमाणं पाडतात, त्यामुळं सगळे टॅन एका गटात. “ईमेलमध्ये ‘टॅननं करावं’ असं लिहिलं की सहा जण वाट बघतात.” तिसरा, परीक्षा बरोबर दीपावलीच्या दुसऱ्या दिवशी. चौथा, शिकवतात ते सॉफ्टवेअर या इमारतीबाहेर कुणी पाहिलेलं नाही. पाचवा, सगळी उदाहरणं समुद्रातल्या तेलविहिरींची. “मी बँकेची ॲपं बनवतो. माझ्या ॲपला आग लागली तर हेलिकॉप्टर येत नाही.” सहावा, क्लास संध्याकाळी आणि कँटीन त्याच्या आधी बंद, म्हणून रोज तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये त्याच त्या म्हाताऱ्याच्या स्टॉलवर जेवून यावं लागतं.

मध्येच त्याची नजर माझ्या नावाच्या पाटीकडं गेली. पाटील वाचून त्याचा चेहरा खुलला आणि तो सरळ मराठीत आला. “सर, तुम्हाला कळेल. अहो, नुसतं ‘बरं आहे’ म्हणून चालतं का?”

“काय म्हणाले ते?” ग्रॅहमनी विचारलं.

“अभ्यासक्रमाबद्दल आस्था आहे, म्हणतात,” मी म्हणालो. भाषांतर अगदीच चुकीचं नव्हतं.

पण तोपर्यंत सातवा मुद्दा सुरू झाला होता आणि तो एसीबद्दल होता.

मुलं बाहेर गेली. ग्रॅहमनी पेनाला टोपण लावलं. “चार गप्प, एक संतप्त,” ते म्हणाले. “चौघं का गप्प आहेत ते पाचव्याचं ऐकून समजलं. घाबरली आहेत मुलं. गंभीर असंतोष. मी दोष लिहिणार.”

पडद्यावरच्या बाईंची जांभई तशीच होती. तिच्याआडून आवाज आला, “मी अध्यक्षांशी सहमत आहे.” त्या कायम अध्यक्षांशी सहमत असायच्या. माझं मत तेवढं उरलं, आणि एका मतानं तिथं काही होत नाही.

मी उभा राहिलो. पुणे या विषयावर मी जे भाषण केलं ते ध्वनिमुद्रित झालं नाही हे महाराष्ट्राचं नुकसान आहे. मी सांगितलं की पुण्याचा माणूस नावडत्या गोष्टीबद्दल तोंड उघडत नाही, तो तिथून उठून जातो. दोष काढायला तो बसून राहिला म्हणजे त्याचा जीव जडलाय असं समजावं. मी सांगितलं की माझ्या ओळखीच्या एका पुणेकरानं बायको पसंत केली तेव्हा तिच्या बापाला घराच्या जिन्यातल्या तेरा चुका दाखवल्या, आणि लग्न सुखाचं झालं. सासऱ्यानं जिना पाडून नवा बांधला, त्यातही जावयानं दोन चुका काढल्या, तेव्हा कुठं सासऱ्याला खात्री पटली की पोरगी चांगल्या घरात पडली.

ग्रॅहम सगळं शांतपणे ऐकत होते. “मनोरंजक आहे,” ते म्हणाले. “पुरावा आहे?”

पुरावा नव्हता. पुणे तिथून लांब होतं.

तोआ पायोह

संध्याकाळी मी ग्रॅहमना म्हटलं, हॉटेलात जेवण्यापेक्षा जरा बाहेर जाऊ. कुठं? म्हटलं, कुठंही. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत बसवून मी त्यांना ‘कुठंही’ उतरवलं ते तोआ पायोहला.

तोआ पायोह जुन्या सरकारी फ्लॅटांचं गाव. इमारती उंच, आणि दांड्यांवर वाळत टाकलेले कपडे इतके वर की तिथून शर्ट सुटला तर थेट मलेशियात सापडत असणार. मध्यभागी हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचा बाजार. शंभर स्टॉल, हजार पंखे आणि बसायला एकही जागा नाही. मी एका रिकाम्या टेबलाशी गेलो. त्यावर कुणीतरी टिश्यूचं छोटं पाकीट ठेवलं होतं. मला वाटलं, काय सरकार आहे, घाम पुसायचीही सोय केली. पाकीट फोडून मी कपाळ पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला. एवढ्यात ऑफिसातल्या चार मुली ताटं घेऊन आल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांच्या घरात शिरून त्यांच्या टॉवेलनं अंग पुसत होतो. तिथं टिश्यूचं पाकीट म्हणजे रुमाल. आपल्या एसटीच्या खिडकीतून आत टाकतो तोच. एवढी वर्षं खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाला हे कळू नये याची मला खरोखर लाज वाटली. ग्रॅहमनी न्यूझीलंडच्या वतीनं माफी मागितली.

शेवटी आम्हाला एका खांबामागं जागा मिळाली. मी चिकन राइस आणला. उकडलेली पांढरी कोंबडी पाहून तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की हिला ताप आला होता का. पण तो भात कोंबडीच्या रसात शिजवलेला असतो, आणि पहिल्या घासाला मी तांबड्या रश्श्याची मनात माफी मागितली. शेजारी मिरचीची चटणी होती. ग्रॅहमना मी सांगितलं, कोल्हापूरच्या माणसाला तिखटाची ओळख करून देऊ नका. मग एक चमचा घेतला. पुढं थोडा वेळ मला ऐकू येत नव्हतं.

ऐकू यायला लागलं तेव्हा पहिला आवाज आला तो अमेयचा.

“अंकल, आज मीठ कमी आहे. काल तेल जास्त होतं.”

खांबापलीकडं शाकाहारी बी-हूनचा स्टॉल होता. बी-हून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, वर कोबी आणि तळलेलं टोफू. कढईमागं बनियन घातलेले एक म्हातारे गृहस्थ हातात झारा घेऊन उभे होते.

“रोज येतोस, रोज नावं ठेवतोस,” म्हातारबा ओरडले. “दुसऱ्या स्टॉलवर जा ना लाह.”

“दुसऱ्यांचं खाववत नाही,” अमेय म्हणाला. “आणि हा कोबी जाड चिरलाय. परवा सांगितलं होतं.”

“परवा बारीक चिरला तर म्हणालास करपला.”

“कारण करपला होता.”

म्हातारबांनी टोफूचा एक जादा तुकडा त्याच्या ताटात आपटला. अमेयनं तो नीट निरखला आणि मान डोलावली. मागं रांगेत एक नवखा माणूस घुटमळत होता, हा स्टॉल की पलीकडचा असं करत. अमेय वळून त्याला म्हणाला, “इथंच घ्या. बाकीचे टाकाऊ आहेत. फक्त चटणी वेगळी मागा, यांना प्रमाण कळत नाही.”

तो माणूस रांगेत उभा राहिला. अमेय ताट घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. त्यानं आम्हाला पाहिलं नाही.

ग्रॅहम खांबाच्या कडेनं बराच वेळ पाहत होते. एवढा उंच माणूस खांबामागं लपतो तेव्हा खांबच लपल्यासारखा दिसतो.

“हा योगायोग आहे?” त्यांनी मला विचारलं.

“सिंगापूर लहान आहे,” मी म्हणालो.

“कॅम्पसबाहेर दिसलेलं अहवालात घालता येत नाही,” ते म्हणाले. “आपण हे पाहिलेलं नाही.” मग त्यांनी आपलं ताट उचललं, माझं ताट उचललं, आणि दोन्ही ताटं परत ठेवायच्या खिडकीशी नेऊन ठेवली. तिथं उष्टं ताट टेबलावर सोडून गेलात तर सरकार मागं लागतं. मी आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगितलेली नाही.

शेवटची सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅहमनी डॉ. लिमना निरोप पाठवला की काल आलेल्यांपैकी केळकरांना पुन्हा एकदा भेटायचंय, एकच प्रश्न आहे. बाई स्वतः धावत आल्या. आदल्या दिवशी बंद दारातून तो आवाज साऱ्या मजल्यावर ऐकू गेला होता. अमेय मोजक्या शब्दांत आटपत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

“त्यांनाच?” त्यांनी विचारलं. “दुसरं कुणी चालणार नाही?”

“त्यांनाच,” ग्रॅहम म्हणाले.

बाई वळल्या आणि पहिल्यांदाच हळू चालत गेल्या. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावरचं ते जाड पुस्तक आता उघडलेलं होतं आणि आत खुणेसाठी पेन्सिल ठेवली होती. मला वाटतं त्यांनी पहिल्या तासाची तयारी सुरू केली होती.

अमेय ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून आला. आला तो बाह्या सारख्या करतच. आठवा मुद्दा त्याच्या ओठांवर होता, मला दिसत होता.

ग्रॅहमनी हात वर केला. “एकच प्रश्न. उत्तरही एकच द्या. तुम्हाला आज जे माहीत आहे ते आधी माहीत असतं, तरी तुम्ही इथं प्रवेश घेतला असता का?”

अमेयनं त्यांच्याकडं असं पाहिलं की प्रश्नातच काहीतरी चुकलंय आणि ते दाखवावं की न दाखवावं.

“म्हणजे काय,” तो म्हणाला. “बायकोचा घेतलाय. पुढच्या बॅचला. ती आठ वर्षं घरी होती, आता पुन्हा कामाला लागायचंय. मी चार विद्यापीठं पाहिली तिच्यासाठी. बाकी तीन दाखवायच्याही लायकीची नाहीत. तिला एवढंच सांगितलंय की स्वेटर घेऊन जा.”

ग्रॅहमनी कालचं पान काढलं. ‘गंभीर असंतोष’ या शब्दांवर त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. सरळ रेघ मारणारा माणूस मी त्याआधी फक्त ड्रॉइंग ऑफिसात पाहिला होता.

“मी अध्यक्षांशी सहमत आहे,” जांभई म्हणाली. अध्यक्ष अजून काही बोललेच नव्हते.

माझ्या जिभेवर एक प्रश्न होता. बाबा, मग काल हे का नाही बोललास? पण ‘एकच प्रश्न’ असं ग्रॅहम म्हणाले होते आणि न्यूझीलंडचे लोक एक म्हणजे एक समजतात. प्रश्न गिळला. तो काही नीट उतरला नाही.

निकाल सांगायची आमची पद्धत जरा क्रूर आहे. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, अध्यक्षांनी मसुदा वाचायचा, कुणी मध्ये बोलायचं नाही, वाचून झालं की आम्ही उठून जायचं. डॉ. लिम पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. ग्रॅहम वाचत गेले. दोष, काही नाही. शंका, काही नाही. सूचना तीन. अभ्यासाचा क्रम बदलावा. गट आडनावावरून पाडू नयेत. परीक्षेच्या तारखा सणांच्या दिवसांशी ताडून पाहाव्यात. बाईंनी तिन्ही सूचनांना मान हलवली, आणि मान हलवताना त्यांचे डोळे भरून आले, असं मी इथं लिहिणार होतो. तसं काही झालं नाही. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, एका दमात संपवली आणि टोपण पुन्हा घट्ट लावलं.

नंतर जिन्यात त्या मला गाठायला आल्या. मला वाटलं, आभार.

“पुणे मोठं आहे का?” त्यांनी विचारलं.

“मोठं आहे.”

“तिथून आणखी विद्यार्थी येतील?”

“येतील.”

त्यांनी जरा विचार केला. “मग गट पाडताना ते सगळे वेगवेगळ्या गटांत ठेवीन,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या, पुन्हा त्याच वेगानं.

पुलाउ उबीन

काम संपेपर्यंत तपासनिसानं विद्यार्थ्याकडून चहाही घ्यायचा नसतो. काम संपलं तसा अमेयचा फोन आला. “काका, उद्या मोकळे आहात ना? उबीनला चला. सायकल येते ना?” एका निकालात मी ‘सर’चा ‘काका’ झालो होतो.

पुलाउ उबीन हे सिंगापूरच्या कोपऱ्यातलं बेट. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी होडी जाते, तिला बमबोट म्हणतात. एवढ्या वक्तशीर देशात या होडीला वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की सुटते. आम्ही चौघं होतो, मी, अमेय, त्याची बायको ऋचा आणि त्यांची मुलगी ईरा. आणखी आठ लागत होती. मला एकदम गावाकडं आल्यासारखं वाटलं. आमच्याकडं वडापची जीप अशीच सुटते, फक्त आत बारा, मागं लटकलेली सहा आणि टपावर एक बोकड जमल्यावर. मी तिथंच धक्क्यावर उभा राहून ‘चला उबीन, उबीन, उबीन’ अशी हाळी दिली. दोन जर्मन आणि एक आजोबा आले, मग हळूहळू बाकीचे पाच. होडीवाल्यानं मला नोकरी देऊ केली, असं मी घरी सांगितलंय.

बेटावर गेल्यावर सिंगापूर कुणीतरी पुसून टाकल्यासारखं होतं. पत्र्याच्या छपरांची लाकडी घरं, अंगणात कोंबड्या, नारळ, लाल मातीचा रस्ता. उंच इमारती बांधायच्या आधी सगळा देश असा दिसायचा म्हणतात. भाड्याच्या सायकली घेतल्या. अमेयनं सगळ्या सायकलींचे ब्रेक तपासले, तिघांची घंटी नापास केली, दुकानदाराशी वाद घातला आणि मग म्हणाला की बेटावर याच्याकडच्याच सायकली बऱ्या.

पहिल्याच उतारावर माझ्यासमोर रानडुक्कर आलं. आकार सांगत नाही, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. म्हशीएवढं होतं. त्यानं माझ्या बास्केटमधल्या पावाकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं, आणि दोघांच्या संमतीनं पाव त्याचा झाला. मी मात्र गवतात गेलो. ईरानं मला उठवलं आणि काटे काढून दिले. ऋचानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती एका झाडाखाली बसून खाल्ली. अमेयनं चटणीत लसूण जास्त झाल्याचं सांगितलं आणि डबा पुसून खाल्ला. ऋचानं मान वर केली नाही.

“पपा ऑल्वेज लाइक दॅट वन लाह,” ईरा मला म्हणाली. “टीचरचं पण तसंच. सगळ्यात आवडत्या टीचरला तो तक्रारीचे तीन ईमेल लिहितो.”

आता आम्ही तपासनीस गुप्ततेची शपथ घेतलेली असते. मीही घेतली होती. पण ती घेताना बेटांचा उल्लेख नव्हता, असा अर्थ मी त्या झाडाखाली काढला. आणि तो गिळलेला प्रश्न अजून घशातच होता.

“अमेय,” मी म्हटलं, “तुला कल्पना आहे का, परवा तुझ्या सात मुद्द्यांनी काय होणार होतं?” आणि सांगितलं. दोष लिहिला गेला होता. शिक्का जाणार होता. नवी बॅच बंद. डॉ. लिमनी स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक उघडून बसायला सुरुवात केली होती.

ऋचाचा हात डब्याचं झाकण लावता लावता थांबला. “नवी बॅच म्हणजे माझी,” ती म्हणाली.

“तुझीच.”

“मी नोकरीच्या मुलाखतीत सांगून आले होते की कोर्स सुरू होतोय.” ती नवऱ्याकडं वळली. तिचा आवाज वर गेला नाही, पण कोंबड्या लांब गेल्या. “अमेय, त्यांनी दार बंद करून विचारलं होतं की कसं वाटतं. एक, फक्त एक चांगलं वाक्य बोलायचं होतं. घरी तर सारखं सांगत असतोस की असं शिकवणारं दुसरीकडं कुणी नाही. लिम मॅडमनी तुझा पडलेला प्रोजेक्ट चार शनिवार तुझ्यासोबत बसून उभा केला, हे मला सांगतोस. त्यांना सांगायला काय झालं होतं?”

मीही सूर लावला. “एक शब्द, अमेय. एक चांगला शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं?”

अमेय सायकलच्या सीटवरची माती रुमालानं पुसत होता. त्यानं आधी ऋचाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याला खरंच समजत नव्हतं की आम्ही दोघं कशाबद्दल बोलतोय.

“जे चांगलं होतं त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं ना, काका,” तो म्हणाला.